तडजोडीची किंमत कोणी मोजली?

डिसेंबर २०२३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका प्रचारसभेत एका मतदाराने निक्की हेली यांना साधा प्रश्न विचारला : अमेरिकेतील यादवी युद्ध कशामुळे झाले? हेली त्या वेळी रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळविण्यासाठी झगडत होत्या. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठीच १८५४ मध्ये जन्माला आलेला हा पक्ष. शिवाय हेली या साउथ कॅरोलायनाच्या माजी गव्हर्नर. म्हणजे संघराज्यातून सर्वांत आधी फुटून निघालेल्या राज्याच्या. त्यांनी उत्तरात शासनाचे अधिकार, व्यक्तीचे स्वातंत्र्य, लोकांनी काय करावे आणि काय करू नये, असे पुष्कळ काही सांगितले. 'गुलामगिरी' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही. प्रश्नकर्त्याने ही उणीव तेथल्या तेथे दाखवून दिली, देशभर गदारोळ उठला, आणि युद्ध गुलामगिरीवरूनच झाले हे उघड आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी त्यांना करावा लागला.

हेली यांची जीभ घसरली, असे काहींनी म्हटले. वस्तुतः ती घसरू नये म्हणूनच त्यांनी फार जपले होते. दक्षिणेतील गोऱ्या मतदाराला पिढ्यान् पिढ्या घरात, चर्चमध्ये आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकांत जो इतिहास शिकविला गेला, त्यात दक्षिणेची राज्ये आपल्या स्वायत्ततेसाठी लढली आणि संख्येने व यंत्रबळाने वरचढ असलेल्या उत्तरेपुढे वीरोचित रीतीने हरली, एवढेच सांगितलेले असते. चाळीस लाख गुलाम त्या कथेच्या पार्श्वभूमीलाच उभे असतात. याच हेली यांनी २०१५ मध्ये, चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची वंशद्वेषातून हत्या झाल्यानंतर, राज्याच्या विधानभवनासमोरचा फुटीरांचा ध्वज उतरविण्याच्या कायद्यावर सही केली होती. ध्वज उतरला, त्यामागची दंतकथा जागच्या जागी राहिली.

ही दंतकथा खोडून काढण्यासाठी उत्तरेच्या एकाही लेखकाची साक्ष काढण्याची गरज नाही. फुटून निघालेल्यांनी आपल्या कृतीची कारणे स्वतःच लेखी देऊन ठेवली आहेत. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाने संघराज्याशी असलेले नाते तोडले आणि पाठोपाठ जाहीरनामा काढला. त्यातील मुख्य तक्रार अशी की, उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करीत नाहीत; उलट ते परत करावे लागू नयेत म्हणून स्वतःचे कायदे करतात. म्हणजे उत्तरेची राज्ये आपले राज्य म्हणून असलेले हक्क वापरतात, हीच तक्रार! मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे त्या राज्याने आरंभीच नमूद केले. फुटीर राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सॅव्हाना येथे केलेल्या भाषणात नव्या राज्याची कोनशिला कोणती, हे सांगून टाकले : काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि दास्य हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, हे तत्त्व. या राज्यसंघाच्या घटनेने आपल्या कायदेमंडळाला गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कायदा करण्यास मनाई केली आणि मालकाला आपले गुलाम संघातील कोणत्याही राज्यात नेण्याची मुभा दिली. राज्यांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या संघाने राज्यांना एवढाही हक्क ठेवला नाही.

पण दुसरी एक समजूत आहे, आणि ती या दंतकथेपेक्षा अधिक घातक आहे. कारण ती सज्जनांना पटते. दोन्ही बाजूंच्या अतिरेक्यांनी टोक गाठले, समंजस माणसांनी वेळीच देवाणघेवाण केली असती तर लाखोंचे प्राण वाचले असते, अशी ती समजूत. तडजोड झाली नाही म्हणून युद्ध झाले, असे हे म्हणणे आहे. इतिहास नेमका याच्या उलट सांगतो. सत्तर वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत तडजोडींखेरीज दुसरे काही झालेच नाही. त्या करणारे पुढारी सामान्य नव्हते. हेन्री क्ले आणि डॅनियल वेबस्टर यांच्या तोडीचे संसदपटू त्या देशाने फार थोडे पाहिले. दोष त्यांच्या कौशल्यात नव्हता. ज्यांच्या जिवावर ही देवाणघेवाण चालली होती, ती माणसे कोणत्याच बैठकीला बोलावलेली नव्हती.

पहिली तडजोड राज्यघटनेतच झाली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या घटनाकारांनी 'गुलाम' हा शब्द घटनेत येऊ दिला नाही, पण गुलामगिरीला आत घेतले. प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना पाच गुलामांची गणना तीन माणसे अशी करावी. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालू नये. पळालेला गुलाम परत करावा. ज्याला मत नाही अशा माणसाच्या डोक्यावर त्याच्या मालकाला जादा जागा मिळाल्या. १७८९ ते १८२५ या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्षपद व्हर्जिनियाच्या गुलाममालकांकडे राहिले, हा केवळ योगायोग नव्हता.

त्या काळी पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटत होते की ही प्रथा आपोआप क्षीण होत जाईल. तंबाखूची जमीन थकली होती, गुलाम पोसणे परवडत नव्हते. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि ही आशा संपली. आखूड धाग्याच्या कापसातील सरकी हाताने वेचण्यात मजुराचा दिवस जात असे; ते काम यंत्र करू लागताच अॅलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना येथील काळ्या मातीत मळ्यांमागून मळे उभे राहिले. लँकेशरच्या गिरण्यांची भूक अमर्याद होती. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. देशाच्या एकूण निर्यातीत एकट्या कापसाचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. बाजारभावाने या माणसांची किंमत ३ अब्ज डॉलरहून अधिक भरे, आणि देशातील सर्व रेल्वे व कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलाहून ती मोठी होती, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. एवढी मालमत्ता हाती असलेला वर्ग ती प्रेमळ उपदेशाने सोडून देईल, ही अपेक्षा भाबडी होती. आणि प्रत्येक तडजोडीने या वर्गाला मुदत मिळाली. मुदतीबरोबर मालमत्ता वाढली आणि मालमत्तेबरोबर उर्मटपणा.

१८२० मध्ये मिसुरीला गुलामगिरीसह राज्याचा दर्जा देण्याचे ठरले, तोल राखण्यासाठी मेन हे मुक्त राज्य निर्माण झाले आणि नव्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशावर रेघ ओढली गेली : उत्तरेला गुलामगिरी नाही, दक्षिणेला आहे. या रेघेने तीस वर्षे शांतता टिकविली, असे क्रमिक पुस्तके सांगतात. ही शांतता कसली होती? १८३५ मध्ये चार्ल्स्टनला टपालाने आलेली गुलामगिरीविरोधी पत्रके पोत्यांतून काढून जाळण्यात आली. १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये, म्हणजे मुक्त राज्यात, एलायजा लव्हजॉय या संपादकाला आपला छापखाना वाचविताना जमावाने गोळ्या घालून ठार केले. १८३६ ते १८४४ या काळात प्रतिनिधिगृहाने नियमच करून टाकला की गुलामगिरीसंबंधीचा कोणताही अर्ज चर्चेला घ्यायचा नाही. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स त्या सभागृहात साधे सदस्य म्हणून बसत होते. वृद्धापकाळात आठ वर्षे झुंजून त्यांनी तो नियम मोडून काढला. गुलामाचे तोंड तर बांधलेले होतेच. आता गोऱ्या नागरिकाच्या अर्जाच्या हक्कालाही कुलूप लागले होते. उत्तरेतील कित्येक माणसे काळ्यांच्या कळवळ्याने नव्हे, तर या कुलपाच्या रागाने जागी झाली.

या मौनाला सांभाळणारी यंत्रणा म्हणजे तत्कालीन दोन मोठे पक्ष. डेमोक्रॅटिक आणि व्हिग, दोघांचीही एक फळी उत्तरेत आणि एक दक्षिणेत. बँका, जकात, रस्ते, कालवे यांवर ते कडाडून भांडत. गुलामगिरीचा विषय निघाला की दोघेही गप्प होत. त्यांच्या एकजुटीची ती अटच होती. या दोन बलाढ्य पक्षांबाहेर राहून १८४० मध्ये काही मूठभर माणसांनी लिबर्टी पक्ष स्थापन केला आणि जेम्स बर्नी यांना अध्यक्षपदासाठी उभे केले. त्यांना सगळ्या देशात मिळून सुमारे ७ हजार मते पडली. वृत्तपत्रांनी टिंगल केली.

चार वर्षांनी टिंगल थांबली आणि शिव्या सुरू झाल्या. १८४४ च्या निवडणुकीत टेक्सस संघराज्यात घेण्याचा, अर्थात गुलामगिरीला प्रचंड नवा मुलूख मिळवून देण्याचा, प्रश्न होता. डेमोक्रॅट पोक त्या बाजूचे. व्हिग क्ले स्वतः गुलाममालक, पण टेक्ससबाबत साशंक. पोक ज्या न्यू यॉर्क राज्यामुळे निवडून आले, तेथे त्यांचे मताधिक्य अवघे ५ हजार १०६ होते, आणि बर्नी यांना तेथे १५ हजार ८१२ मते मिळाली होती. लिबर्टी पक्षाने मते फोडली, गुलाममालकांना टेक्सस बहाल केले, असा आरोप व्हिगांनी आयुष्यभर केला. तो निराधार होता असे म्हणता येत नाही. टेक्सस १८४५ मध्ये आत आले, १८४६ मध्ये मेक्सिकोवर युद्ध लादले गेले आणि हजारो माणसे मेली. छोट्या तत्त्वनिष्ठ पक्षाने या आरोपाला उत्तर काय द्यावे? बर्नीचे अनुयायी म्हणाले की क्लेला मत देऊन गुलामगिरीचा प्रश्न पुन्हा वीस वर्षांसाठी गाडला गेला असता. हे उत्तर त्या दिवशी खोटे वाटले. चार वर्षांनी, १८४८ मध्ये, नव्या मुलखात गुलामगिरी नको असे म्हणणाऱ्या फ्री सॉइल पक्षाला दर दहा मतांमागे एक मत मिळाले, तेव्हा ते कमी खोटे वाटू लागले. या वादाचा निकाल इतिहासानेही एका बाजूने दिलेला नाही. एवढे मात्र नोंदविता येते की, ज्या व्हिग पक्षाचे नुकसान होऊ नये म्हणून बर्नीने थांबावे असे सांगितले जात होते, तो पक्षच पुढे दहा वर्षे टिकला नाही.

तो ज्या तडजोडीने मेला, ती १८५० ची. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखाचे काय करायचे यावर देश फुटण्याच्या बेतात आला असता क्ले यांनी एक मोट बांधली : कॅलिफोर्निया मुक्त राज्य, राजधानीत गुलामांची खरेदीविक्री बंद, आणि या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांविषयीचा कडक कायदा. या कायद्याचे स्वरूप एकदा नीट पाहण्याजोगे आहे. गुलाम म्हणून पकडलेल्याला ज्यूरी नाही. स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा अधिकार नाही. प्रकरण ऐकणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या स्वाधीन केले तर फी १० डॉलर, सोडून दिले तर ५ डॉलर. पकडण्याच्या कामात मदत करण्याचा हुकूम कोणाही नागरिकाला देता येई. बोस्टनचा जो व्यापारी, जो सुतार आजवर गुलामगिरी दूर कोठेतरी आहे म्हणून निश्चिंत होता, त्याच्या दारात आता ती बेड्या घेऊन उभी राहिली. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या तरुणाला बोस्टनच्या रस्त्यांतून लष्कराच्या पहाऱ्यात बंदराकडे नेले गेले, तेव्हा हजारो लोक दुतर्फा उभे होते. गॅरिसनच्या पत्राने वीस वर्षांत जे केले नव्हते ते या एका मिरवणुकीने केले. देश वाचविण्यासाठी शोधलेल्या तोडग्यानेच देशाचे दोन भाग एकमेकांना असह्य झाले. आणि व्हिग? उत्तरेतील व्हिगाला हा कायदा गिळवेना, दक्षिणेतील व्हिगाला तो सोडवेना. १८५२ च्या निवडणुकीत त्यांना चार राज्ये मिळाली. १८५६ पर्यंत राष्ट्रीय पक्ष म्हणून ते संपले.

स्टीफन डग्लस यांनी १८५४ मध्ये १८२० ची रेघच पुसून टाकली. कॅन्सस आणि नेब्रास्का येथे गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील वसाहतवाल्यांनी मताने ठरवावे, असे त्यांचे विधेयक. त्याला त्यांनी 'जनतेचे सार्वभौमत्व' असे गोंडस नाव दिले. लोकशाहीवाद्याला मोह पडावा असा हा मंत्र होता. पण या मतदानात मत कोणाला होते? ज्याच्या दास्याचा प्रश्न ठरवायचा, तो सोडून बाकी सर्वांना. बहुमताने कोणाचे माणूसपण ठरविता येत नाही, एवढी साधी गोष्ट डग्लस यांच्या सार्वभौमत्वात बसत नव्हती. प्रत्यक्षात मतदानही धड झाले नाही. मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या सरहद्द ओलांडून आल्या, मते टाकून परत गेल्या, आणि कॅन्ससमध्ये खुनाखुनी सुरू झाली. मे १८५६ मध्ये सिनेटच्या सभागृहातच चार्ल्स सम्नर यांना दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने काठीने रक्तबंबाळ होईतो मारले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, आणि नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी घालण्याचा संसदेला अधिकारच नाही, असा निर्णय दिला. तीन वर्षांत विधिमंडळ, मतपेटी आणि न्यायपीठ या तिन्ही ठिकाणी तडजोडीची जमीन सरकली होती.

याच वर्षांत रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. त्याचे पूर्वज लिबर्टी आणि फ्री सॉइल हे दोन पक्ष, फुटलेले व्हिग आणि वैतागलेले डेमोक्रॅट. त्याला क्रांतिकारकांचा पक्ष समजणे चुकीचे ठरेल. पश्चिमेच्या जमिनीत काळा माणूसच नको म्हणून गुलामगिरी नको म्हणणारे त्यात पुष्कळ होते. खुद्द लिंकन यांनी १८५८ मध्ये डग्लस यांच्याशी झालेल्या जाहीर वादात, आपल्याला दोन वंशांची सामाजिक व राजकीय समता अभिप्रेत नाही, असे सांगितले होते. ते वाक्य झाकून ठेवण्यात काही हशील नाही. पक्षाचा कार्यक्रम एकच आणि मर्यादित : गुलामगिरी जेथे आहे तेथे असू द्या, तिचा विस्तार होऊ देऊ नका. मात्र त्या कार्यक्रमामागे एक वाक्य होते, ज्याच्यावर लिंकन यांनी कधी तडजोड केली नाही. गुलामगिरी हा अन्याय आहे, हे ते वाक्य. फेब्रुवारी १८६० मध्ये न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमधील भाषणात त्यांनी दुखण्यावर बोट ठेवले : दक्षिणेला संतुष्ट करायचे तर तिला केवळ मोकळे सोडून भागणार नाही, गुलामगिरीला वाईट म्हणणे थांबवून तिला चांगली म्हणावे लागेल. ही अतिशयोक्ती नव्हती. १७८७ मध्ये ज्या संस्थेबद्दल तिचे मालकही ओशाळून बोलत, तिच्याविषयी १८५८ मध्ये सिनेटर हॅमंड यांनी छातीठोकपणे सांगितले की, प्रत्येक समाजाला हलकी कामे करणारा एक तळचा थर लागतोच, आणि कापूस हा राजा आहे, त्याच्याशी युद्ध करण्याची कोणाची छाती नाही. कष्ट करणाऱ्यांनी खालीच असावे हा सिद्धान्त हॅमंड यांनी उत्तरेच्या गोऱ्या कामगारालाही लागू केला होता, हे त्या कामगारांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

एप्रिल १८६० मध्ये चार्ल्स्टन येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. नव्या मुलखात गुलामांवरील मालकीला केंद्राने कायद्याने संरक्षण द्यावे, अशी दक्षिणेच्या प्रतिनिधींची मागणी. डग्लस यांचे अनुयायी इतकी वर्षे वाकत आले होते. एवढे वाकणे त्यांनाही शक्य झाले नाही. दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले आणि देशव्यापी असा जो एकच पक्ष उरला होता तोही दुभंगला. नोव्हेंबरमध्ये चार उमेदवारांत लिंकन ४० टक्क्यांहून कमी मते घेऊन निवडून आले. दक्षिणेच्या दहा राज्यांत त्यांच्या नावाची एक मतपत्रिकाही नव्हती. विरोधक फुटले म्हणून ते आले असे म्हणतात, पण ते खरे नाही : तिघांची मते एकत्र केली तरी उत्तरेच्या मोठ्या राज्यांत लिंकन यांचे बहुमत कायम राहते आणि त्यासोबत अध्यक्षपदही.

लिंकन यांनी ४ मार्च १८६१ रोजी शपथ घेण्यापूर्वीच सात राज्ये फुटून निघाली आणि जेफर्सन डेव्हिस त्यांचे अध्यक्ष झाले. या सातांपैकी एकट्या टेक्ससने हा निर्णय जनमतासाठी ठेवला. एक गुलामही मुक्त झालेला नव्हता, एक कायदाही झालेला नव्हता. उलट, शेवटच्या क्षणीही तडजोडीचे ताट वाढून ठेवलेले होते. ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तेथे केंद्राने कधीही हस्तक्षेप करू नये, अशी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी संमत केली आणि लिंकन यांनी आपल्या पहिल्या भाषणात तिला हरकत घेतली नाही. गुलाममालकांनी त्या ताटाकडे पाहिलेही नाही. त्यांना आहे ते टिकवायचे नव्हते; वाढवायचे होते, आणि देशाने ते न्याय्य म्हणून मान्य करावे असे हवे होते. १२ एप्रिल रोजी त्यांच्या तोफांनी फोर्ट सम्टरवर मारा सुरू केला. त्यानंतर आणखी चार राज्ये त्यांना मिळाली.

दक्षिणेतील गोऱ्या कुटुंबांपैकी गुलामांची मालकी असलेली कुटुंबे सुमारे एकचतुर्थांश होती. बाकीचे लढले कोणासाठी? पश्चिम व्हर्जिनिया आणि पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यांनी हा प्रश्न विचारला आणि ते संघराज्याच्या बाजूला राहिले. पश्चिम व्हर्जिनियाचे तर १८६३ मध्ये वेगळे राज्यच झाले. ऑक्टोबर १८६२ मध्ये फुटीर सरकारने वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला सैन्यभरतीतून सूट दिली, तेव्हा हे युद्ध श्रीमंतांचे आणि मरण गरिबांचे, अशी कुजबुज छावण्यांतून सुरू झाली. तरीही बहुसंख्य गरीब गोरे शेवटपर्यंत लढत राहिले. काळ्याच्या वर असण्याची प्रतिष्ठा हीच त्यांची मिळकत होती. उत्तरही निर्मळ नव्हती. न्यू यॉर्कच्या पेढ्यांचा पैसा कापसात होता. त्या शहराचे महापौर फर्नांडो वूड यांनी जानेवारी १८६१ मध्ये शहरानेच संघराज्यातून वेगळे व्हावे अशी सूचना मांडली. जुलै १८६३ मध्ये त्याच शहरात ३०० डॉलर भरून सक्तीच्या लष्करसेवेतून सुटणाऱ्या धनिकांवरचा गरिबांचा राग काळ्यांच्या अनाथाश्रमावर आणि वस्तीवर जाऊन कोसळला.

युद्धाचा अर्थ बदलला तो मुत्सद्द्यांनी नव्हे. मे १८६१ मध्ये तीन गुलाम व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथे उत्तरेच्या छावणीत पोहोचले. शत्रूच्या तटबंदीच्या कामावर त्यांना राबविले जात होते. त्यांना परत करण्यास जनरल बटलर यांनी नकार दिला, आणि मग वाट फुटली. शेकडो, मग हजारो माणसे मळे सोडून निघाली. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९३५ मधील आपल्या ग्रंथात याला गुलामांचा सार्वत्रिक संप म्हटले, आणि तो शब्द अचूक आहे. दक्षिणेच्या सैन्याला पोसणारे हात कामावरून उठले होते. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा या घडलेल्या गोष्टीवर उमटलेली मोहोर होती. पुढे सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. सत्तर वर्षांच्या वाटाघाटींत ज्यांना कोणी विचारले नव्हते, ते आता बंदूक घेऊन उभे होते.

इंग्लंडची प्रतिष्ठित वृत्तपत्रे तेव्हाही सांगत होती की हा झगडा जकातीचा आहे. मार्क्स यांनी ऑक्टोबर १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या 'डी प्रेस' पत्रातील लेखात त्याला चोख उत्तर दिले : जकातीचा कायदा झाला म्हणून दक्षिण फुटली नाही, दक्षिण फुटली आणि तिचे सदस्य सभागृह सोडून गेले म्हणून तो कायदा होऊ शकला. कापूस बंद झाल्याने लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख माणसे मदतीवर जगत होती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र संमत केले. सगळ्या गिरणगावांचे मत तसे नव्हते, काही ठिकाणी दक्षिणेच्या बाजूने सभा झाल्या हेही खरे. पण उपाशी माणसाने आपल्या भाकरीच्या विरुद्ध हात वर केला, याची कदर लिंकन यांनी आपल्या उत्तरात केली.

लँकेशरची उपासमार ती मुंबईची दिवाळी ठरली. अमेरिकेचा कापूस बंद होताच खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या शब्दावर बँका आणि भराव कंपन्या उभ्या राहिल्या, बॅक बेच्या समभागांनी मुंबईला वेड लावले. ९ एप्रिल १८६५ रोजी अॅपोमॅटॉक्स येथे जनरल ली शरण आले. १ जुलैला मुंबईतील वायद्यांची मुदत भरली आणि सगळा डोलारा कोसळला. पेढ्या बुडाल्या त्याचा इतिहास लिहिला गेला. भाव चढलेले असताना सावकाराने मोकळ्या हाताने दिलेले आणि भाव पडल्यावर गळ्याशी आलेले कर्ज शेतकऱ्यांच्या माथी राहिले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जखतांची होळी झाली आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. चौकशी आयोगाने कारणांची नोंद करताना अमेरिकेच्या युद्धातील ही तेजी-मंदीही नमूद केली.

मुंबईतील पेढ्यांनी त्या युद्धात भाव पाहिला. पुण्यात जोतीराव फुले यांनी दुसरेच काही पाहिले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी त्यांनी दाखविलेल्या निरपेक्ष औदार्याबद्दल, अर्पण केला. ते औदार्य तितके निरपेक्ष नव्हते, हे आज कागदपत्रांवरून सांगता येते. पण शूद्रातिशूद्रांच्या दास्याला ज्या शब्दाने हाक मारायची तो शब्द जोतीरावांनी या युद्धातून उचलला. गुलामगिरीला गुलामगिरी म्हणण्याची ती हिंमत त्या काळी क्लेच्या वारसदारांत नव्हती.

जोतीरावांची अर्पणपत्रिका छापली जात होती, तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदार मत देत होते आणि त्यांचे प्रतिनिधी विधानसभांत व संसदेत बसत होते. तीनच वर्षांनी, १८७६ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादात सापडला. पुढाऱ्यांत पुन्हा वाटाघाटी झाल्या. हेज यांना अध्यक्षपद मिळाले आणि दक्षिणेतील गोऱ्या पुढाऱ्यांना मोकळे रान. १८७७ मध्ये दक्षिणेतील विधानभवनांच्या संरक्षणाला उरलेली केंद्राची लष्करी तुकडी हटविण्यात आली. सुमारे सात लाख माणसे मारून संपलेल्या युद्धानंतर बारा वर्षांनी झालेल्या या समझोत्याच्या बैठकांतही एकाही कृष्णवर्णीय प्रतिनिधीला स्थान नव्हते. मताचा हक्क दक्षिणेत पुन्हा प्रत्यक्षात येण्यासाठी १९६५ चा कायदा व्हावा लागला, आणि त्या कायद्याची एक मुख्य तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली.